चुरीबाईंची तिमाही

तिमाही खर्चाचं विवरणपत्र चुरीबाई कधी स्वतः वाचत नसत. ते कुणीतरी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्या खुर्चीत मागे रेलायच्या, चष्मा काढून मांडीवर ठेवायच्या आणि डोळे मिटून, देवळात कीर्तन ऐकावं तसे आमचे रूक्ष आकडे ऐकायच्या. इंधन व वंगण, कार्यालयीन खर्च, धक्क्याची दुरुस्ती, तपासणी नौकेची देखभाल. मध्येच एखाद्या ओळीवर त्यांचं बोट वर व्हायचं. डोळे मिटलेलेच.

"हे कुठंय?"

नोकरीतल्या माझ्या पहिल्या आठवड्यात हा प्रश्न माझ्या वाट्याला आला तेव्हा मी गोंधळून म्हणाले, "मॅडम, चौथ्या पानावर."

"पानावर नव्हे ग पोरी. जमिनीवर कुठंय? हा पैसा गेला, म्हणजे कुठंतरी जाऊन राहिला असेल ना. त्याचं घर कुठंय?"

मी विवरणपत्राची पानं उगाच पुन्हा चाळू लागले. मी मूळची जालन्याकडची. नवऱ्याला बोईसरला रंगाच्या कारखान्यात काम लागलं म्हणून इकडे आले, परीक्षा दिली आणि या कार्यालयात कनिष्ठ लेखापाल म्हणून चिकटले. खाड्यांतून माणसं नेणाऱ्या होड्या आणि लाँचा यांना परवाने द्यायचे, त्यांची तपासणी करायची, धक्के सांभाळायचे, असं आमच्या कार्यालयाचं काम. पालघरात एका औषधाच्या दुकानावर भाड्याच्या तीन खोल्या होत्या. मी तोवर होडीत पाऊलही ठेवलेलं नव्हतं.

"उद्या साधी चप्पल घालून ये," बाई डोळे उघडून म्हणाल्या. "बघून येऊ."

चुरीबाई आमच्या लेखाधिकारी होत्या. ठेंगणी, गोरटेली मूर्ती, सुती साडी, अंबाड्यावर बहुतेक वेळा वाडीतलं एखादं फूल. तारापूरच्या बाजूला एका किनाऱ्यालगतच्या गावात त्यांची चिकूची वाडी आणि पानवेली होत्या. तिथून रोज त्या दोन रिक्षा आणि एक एसटी बदलून यायच्या. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. तोंडावर 'मॅडम' म्हणणारी मी एकटी होते, आणि तेही पुढं सुटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही खाडीकाठच्या मुरबे गावाला, मुरब्याला गेलो. खाडीचं पाणी मी पहिल्यांदा जवळून पाहिलं ते त्या दुपारी. भरती पूर्ण भरली होती आणि पाणी हलायचं विसरून गेल्यासारखं पडलं होतं. पलीकडचा किनारा उन्हाच्या वाफेत थरथरत होता. तिथली झाडं जमिनीला चिकटलेली आहेत की हवेत टांगलेली, ते कळत नव्हतं. खाडी ओलांडणाऱ्या होडीला इथं तर म्हणतात. हरेश तांडेल नावाचा माणूस ती चालवायचा. त्यानं आमच्यासाठी फळी टाकली. बाई सराईतपणे चढल्या. काठाच्या दोन पायऱ्या नव्या सिमेंटच्या दिसत होत्या, त्यांकडे त्यांनी बोट केलं.

"ती तुझी ओळ. धक्क्याची दुरुस्ती. आता पुढच्या वेळी वाचशील तेव्हा तुझा आवाज वेगळा लागेल बघ."

आणि खरंच लागला.

हा नेम त्यांनी कधी मोडला नाही. तिमाही संपली की विवरणावर सही करण्याआधी एक दिवस पैशांची घरं बघायला जायचं. त्यासाठी त्या प्रवासभत्ता घेत नसत. साहेब कधीतरी हसून म्हणायचे, "बाई, ही तुमची सहल." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "सहलच. पैसा कुठं कुठं फिरतो, आपण नुसतं टेबलाशी बसायचं होय?"

वर्ष त्या महिन्यांनी मोजायच्याच नाहीत. पहिली तिमाही म्हणजे वाट बघायची, कारण नवं वर्ष सुरू झालं तरी निधी वरच्या मजल्यावरून खाली उतरलेला नसतो. दुसरी झोपेची. पावसात खाडीवरची तर बंद, होड्या काठावर उपड्या आणि खर्चाच्या रकान्यात शून्यांच्या रांगा. तिसरी शहाण्यांची, कामं करायची ती तेव्हाच. चौथी मार्चअखेरची. तिला त्या वेडी तिमाही म्हणत. "वर्षभर उपाशी ठेवतात आणि शेवटच्या आठवड्यात ताटात डोंगर वाढतात," त्या म्हणायच्या. "आणि वर म्हणतात, सांडू नका, उरवू नका, सूर्य मावळायच्या आत संपवा."

अशाच एका वेड्या तिमाहीत आमच्याकडे मुरब्याच्या तरीसाठी निधी आला. जीवरक्षक जाकिटं आणि धक्क्यावर सौरदिवा. बाईंनीच दोन वर्षं मागणी लावून धरली होती. आला तो मार्चच्या अगदी शेवटी. दुसऱ्या दिवशी साहेब एका पुरवठादाराला घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. देयक तयार होतं, शिक्का होता, माल मिळाल्याची पोचही टंकून आणलेली होती. फक्त माल नव्हता.

"माल कुठंय?" बाईंनी विचारलं.

"निघालाय मॅडम," पुरवठादार म्हणाला. "पंधरवड्यात पोचतो. तुमचा मार्च तर थांबणार नाही."

"मग बिलही मालाबरोबर येऊ दे."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते खुर्ची ओढून बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, निधी परत गेला तर पुढच्या वर्षी तेवढा कापून येईल. सगळीकडे असंच चालतं. यात तुमचा नाही, माझा नाही, फायदा त्या लोकांचाच आहे."

"ठाऊक आहे साहेब. पण पोच म्हणजे मी जाकीट हातात घेतलं असं लिहायचं. हात तर रिकामे आहेत माझे."

संध्याकाळपर्यंत तीनदा बोलणं झालं. बाईंनी सही केली नाही. निधी समर्पित करण्याचं पत्र मी टाइप केलं. समर्पित हा आमच्या खात्यातला शब्द. देवाला वाहिल्यासारखा वाटतो, पण अर्थ एवढाच की पैसा आला तसा परत गेला. तो पुरवठादार पुढं कधी दिसला नाही. त्याचा माल खरंच वाटेवर होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही. बाईंनाही कधी कळलं नाही.

मुरब्यात मात्र बातमी वेगळीच पोचली. जाकिटं आली होती, दिवा आला होता, चुरीबाईंनी सगळं परत पाठवलं. ती तिमाही संपल्यावर आम्ही गेलो तेव्हा हरेशनं फळी टाकली, पण बोलला नाही. उतरताना बाई म्हणाल्या, "रागावलायस ना रे?" तो दोरी गुंडाळत राहिला. मग म्हणाला, "आमी कोन रागावनार? तुमची सई, तुमचा दिवा."

पावसाळा गेला. खाडी पुन्हा निवळली. मार्गशीर्षातल्या एका पहाटे फार दाट धुकं पडलं. मासळी घेऊन पलीकडच्या बाजारला निघालेल्या बाया तरीत होत्या. ओहोटी लागली होती, आणि धक्का कुठला, खडक कुठला ते दिसेना. होडी खडकाला घासली, कलंडली, आणि कडेला बसलेली नर्मदा, जिला सगळं गाव नमूमावशी म्हणतं, ती पाण्यात गेली. हरेशनं उडी मारून तिला काढलं. पण तेवढ्यात तिचा पाय होडी आणि खडकाच्या मध्ये सापडला होता. गुडघ्याखाली हाड मोडलं.

आम्हाला हे दुपारी कळलं. बाईंनी डबा उघडलेला होता. त्यांनी तो तसाच बंद केला.

"ती घरी आली की माझ्याबरोबर येतेस?" एवढंच त्या म्हणाल्या.

नमूमावशीला दवाखान्यातून घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. घरापुढं मांडवावर बोंबील वाळत घातलेले, आणि त्यांच्या फटींतून ऊन अंगणात पट्ट्यापट्ट्यांनी पडलेलं. मावशी खाटेवर होती, पाय उशीवर. तिनं बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमीच काय त्या? सई नाय केली त्या?"

"हो. मीच."

"का नाय केली?"

"माल आलेला नव्हता मावशी. जाकिटं नुसती कागदावर होती."

"मंग आमी काय कागदावर बुडनार होतो?"

मला वाटलं, बाई आता समजावतील. नियम सांगतील, पुरवठादाराचं सांगतील. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अंगणात कोंबडी काहीतरी उकरत होती, तिच्याकडे बाई बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचं बरोबर आहे."

नमूमावशीला हे अपेक्षित नसावं. तिनं उशीवरचा पाय जरा सावरला. मग सुनेला हाक मारून म्हणाली, "चाय ठेव गो. बाय लांबशी आलीय." आणि बाईंना म्हणाली, "बस. उभी किती राशील?"

चहा पिताना दोघी बोलल्या त्या फक्त बोंबलांबद्दल आणि थंडीबद्दल.

परतताना रिक्षात बाईंनी डोक्यावरून पदर घेतला होता. कोळगावच्या फाट्यापाशी त्या म्हणाल्या, "तिला माझ्याकडे उत्तर नाय." घरच्या बोलीतलं 'नाय' त्यांच्या तोंडून कार्यालयात कधी यायचं नाही. त्या दिवशी आलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्यात गाजावाजा काही नव्हता. धक्क्याजवळच्या बर्फाच्या कारखान्याच्या मालकाकडे त्या स्वतः गेल्या, आणि त्याच्या भिंतीवरचा मोठा दिवा पहाटे चालू ठेवायचं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. मग वरच्या कार्यालयात खेटे सुरू झाले. एकदा मीही गेले होते. तिथं एक लांबलचक व्हरांडा होता, त्याच्या टोकाला एक बाक. बाई त्या बाकावर सकाळी बसल्या त्या चहाच्या वेळेपर्यंत बसून होत्या. खिडकीबाहेर सावरीचं एक झाड होतं. मी अस्वस्थ होऊन घड्याळ बघितलं की त्या म्हणायच्या, "बघ, त्या झाडावर पोपट किती आहेत." अखेर अधिकाऱ्यानं आत बोलावलं. त्यांनी मागणी मांडली नाही, पाय मोडलेल्या बाईबद्दल सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "मागच्या वर्षीचा निधी मीच परत केलाय. त्यामुळे यंदा कपात करायची तर माझ्या नावावर करा, तरीच्या नावावर नको." तो अधिकारी वयानं बराच लहान होता. त्यानं त्यांना खुर्ची दिली.

निधी आला. कमी आला, जाकिटांपुरताच, पण मार्च लागायच्या आधी आला.

जाकिटं बोईसरला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात उतरली. आम्ही ती आणायला गेलो. गठ्ठे टेम्पोत चढवणारा हमाल घाम पुसत म्हणाला, "मॅडम, इसमें है क्या? इतना बड़ा और वजन कुछ नहीं."

"गद्दे हैं," बाई म्हणाल्या. "पानी पे सोने के."

तो हसला. बाई मात्र त्या गठ्ठ्यांवर हात ठेवून बराच वेळ उभ्या होत्या.

मला वाटलं, आता सही होईल. साहेबांनाही वाटलं. बाई म्हणाल्या, "अजून बघितली कुठं?"

"बाई, समोर तर आहेत," साहेब म्हणाले.

"तरंगतात का ते बघितलं नाही."

मुरब्याला ठरवून भरतीच्या वेळेला गेलो. साहेब आले होते, हरेश होता, आणि कुबडी घेतलेली नमूमावशी एका उपड्या होडीला टेकून उभी होती. हरेशनं सदरा काढून पहिलं जाकीट हातात घेतलं, तर बाई म्हणाल्या, "तू नको. तुला पोहता येतं. तू दगड बांधून टाकलास तरी वर येशील."

"मग कोण?"

बाईंनी पदर खोचला, निऱ्या मागे घेऊन काष्टा घातला, आणि ते भडक केशरी जाकीट चढवलं. पट्टे हरेशनं आवळून दिले. मी घाबरून विचारलं, "बाई, तुम्हाला पोहता येतं?"

"नाही ग. भाऊ विहिरीत पोहायचे, आम्हा मुलींना काठावर कपडे राखायला बसवायचे. जन्मभर समुद्र नुसता ऐकला. अंगाला कधी लावला नाही."

नव्या पायऱ्यांवरून त्या खाली उतरल्या. हरेशनं त्यांच्या कमरेला दोर बांधला होता. दोराचं दुसरं टोक नमूमावशीनं आपणहून हातात घेतलं. शेवटच्या पायरीवर बाई थांबल्या, नाक धरलं आणि पाण्यात गेल्या.

क्षणभर पाणी मिटलं. मग एक केशरी फुगा वर आला, त्यामागोमाग बाईंचं डोकं. अंबाडा सुटला होता. त्यांनी खोल श्वास घेतला, हातपाय मारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला आणि मागे रेलल्या. पाण्यानं त्यांना धरून ठेवलं. करडे केस भोवती पसरले. साडीचा सोगा पाण्याखाली हळूहळू उलगडत होता. भरती पूर्ण झाली होती, त्यामुळे ओढ कुठल्याच बाजूला नव्हती, आणि त्या तिथंच, हाताच्या अंतरावर, फिरत राहिल्या. आभाळ पांढरं होतं. पाणीही पांढरं होतं. थोड्या वेळानं मला त्या पाण्यात आहेत की आभाळात, ते कळेनासं झालं. कुठूनसा एक बगळा आला, त्यांच्या अगदी जवळून गेला आणि त्यांनी मान वळवून त्याला जाताना पाहिलं.

"बाई, झालं ना?" साहेबांनी काठावरून विचारलं.

"थांबा."

साहेब थांबले.

अखेर नमूमावशीनं दोराला हलका झटका दिला. "बाय, नीघ आता. नायतर पानी तुला ठेवूनच घेईल."

बाई पायरीवर आल्या तेव्हा सगळं अंग थरथरत होतं आणि चेहरा एखाद्या मुलीसारखा दिसत होता. केसांतून पाणी निथळत असताना त्या साहेबांना म्हणाल्या, "द्या. सही करते आता." सहीच्या जागी पाण्याचा थेंब पडून शाई पसरली. कोषागारानं त्यावर काही हरकत घेतली नाही.

मावशीनं त्यांना घरी नेलं आणि स्वतःचं लुगडं नेसायला दिलं. त्या दिवशी चुरीबाई कोळणीसारखं लुगडं नेसून पालघरपर्यंत आल्या आणि एसटीत बसून घरी गेल्या.

त्याच पावसाळ्याआधी त्या निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात त्या दोन वाक्यं बोलल्या, पेढा खाल्ला आणि नेहमीच्या वेळी निघाल्या. मी त्यांच्या जागेवर आले नाही, पण त्यांच्या टेबलाशी बसू लागले. पुढच्या वर्षी त्या आजारी असल्याचं कानावर आलं, आणि श्रावणात त्या गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलं होतं.

पण त्याआधी मी एकदा त्यांना भेटून आले होते. उन्हाळा होता. चिकूच्या झाडांखाली सावली इतकी दाट होती की दुपारचे दोन वाजले होते तरी तिथं पहाट असावी असं वाटत होतं. बाई वेताच्या खुर्चीत होत्या, फार वाळल्या होत्या. सुनेनं आम्हाला कोकम सरबत दिलं. कार्यालयाबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. माझ्या मुलीच्या शाळेचं विचारलं, जालन्याला गेल्या साली पाऊस बरा झाला का ते विचारलं. मीच शेवटी म्हणाले, "बाई, त्या वर्षी सही केली असती तर, असं कधी वाटतं?"

त्यांनी सरबताचा पेला खाली ठेवला. मला वाटलं, विचारायला नको होतं.

"सही न केल्याचं मला वाईट वाटत नाय," त्या म्हणाल्या. "मावशीच्या पायाचं वाटतं. रोज वाटतं. पूर्वी मी या दोन्हींचं भांडण लावायचे, एक जिंकलं की दुसरं गप्प बसेल म्हणून. कुणी जिंकत नाय ग. आता दोघांनाही घरात राहू देते."

निघताना सून नको नको म्हणत असताना त्या उठल्या आणि काठी टेकत फाटकापर्यंत आल्या. रिक्षावाला त्यांच्या ओळखीचा निघाला. त्याला म्हणाल्या, "हळू ने रे. रस्ता खराब हाय." मग माझ्या गालावरून हात फिरवला. हात कोरडा आणि हलका होता, वाळल्या पानासारखा.

रिक्षा वळणावर आली तेव्हा मी बाहेर वाकून मागे पाहिलं. मला वाटलं होतं, त्या उभ्या असतील. पण बाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. कुंपणापलीकडच्या शेजारणीला त्या काहीतरी सांगत होत्या, काठीनं वर एका फांदीकडे दाखवत, आणि दोघी माना वर करून बघत होत्या. मी हलवायला उचललेला हात हळूच खाली घेतला.